चुलीची कार्यक्षमता आणि चुलीचा धूर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेडलगतच्या विष्णुपुरी परिसरात आणि लातूरकडच्या खेड्यांत तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीची फाटी व गोवऱ्या हे जळतण अजूनही चुलीत जाते, आणि सुधारित चुलीला सरपण कमी लागते म्हणजे तिचा धूरही कमीच असणार, असे सहसा गृहीत धरले जाते. वास्तविक या दोन स्वतंत्र बाबी असून त्यांचे मोजमापही स्वतंत्रपणे होते. औष्णिक कार्यक्षमता म्हणजे सरपणातील एकूण उष्णतेपैकी भांड्यातील पाण्यापर्यंत पोहोचलेला वाटा. ५ लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापण्यास सुमारे १.५ मेगाज्यूल उष्णता लागते. कोरड्या लाकडात किलोमागे १८ मेगाज्यूल ऊर्जा धरली आणि या कामी ४०० ग्रॅम लाकूड जळाले, तर कार्यक्षमता जेमतेम २० टक्के भरते. भांडे ज्योतीच्या फार जवळ आणले की हा आकडा वाढू शकतो, परंतु थंड बुडाला टेकलेली ज्योत विझून ज्वलन अर्धवट राहते आणि काजळी व कार्बन मोनॉक्साइड वाढतात. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकाची २०१३ ची आवृत्ती नैसर्गिक हवेवर जळणाऱ्या चुलीसाठी किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीसाठी ३५ टक्के कार्यक्षमता मागतेच, शिवाय भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूलमागे कार्बन मोनॉक्साइडची ५ ग्रॅम, तर सूक्ष्म कणांची अनुक्रमे ३५० व १५० मिलिग्रॅम अशी मर्यादाही घालते.

धूर दिसेनासा झाला की हवा स्वच्छ झाली, हा समज अधिक घातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही, आणि भाकरी शेकण्यासाठी आर पुढे ओढला जातो तेव्हा धूर जवळपास थांबलेला असला तरी धुमसत्या निखाऱ्यांतून हा वायू निघतच असतो. धुराड्याने स्वयंपाकघर निवळते, उत्सर्जन घटत नाही. ते अंगणात जाते, इतकेच.

प्रयोगशाळेतील आकडा घरात जसाच्या तसा उतरतो, हेही खरे नाही. चाचणीसाठी एकसारखे कापलेले, वाळवलेले लाकूड वापरतात आणि पाणी तापवतात. घरात भराभर जळणाऱ्या तुराट्या सतत सारत राहाव्या लागतात, पावसाळ्यात गोवऱ्या दमट असतात, आणि तव्यावरच्या भाकरीचा हिशेब पाण्याच्या तापमानातून निघत नाही. त्यामुळे नेहमीचा एखादा पदार्थ ठरावीक प्रमाणात शिजवून त्यासाठी लागलेले सरपण मोजणारी नियंत्रित स्वयंपाक चाचणी प्रचलित झाली. त्यापुढची चाचणी प्रत्यक्ष घरात काही दिवस चालते. तीत सरपणाचा साठा रोज तोलला जातो, जेवणाऱ्यांची संख्या नोंदवली जाते, आणि नव्या चुलीशेजारी भाकरीपुरती जुनी चूल पेटत असेल तर तिचे जळतणही त्याच हिशेबात धरले जाते.