लँड यांच्यानंतरची पोलरॉइड (संस्थापकाच्या पश्चात : लेखांक सहावा)

नुकतेच काढलेले छायाचित्र लगेच का पाहावयास मिळत नाही, असा प्रश्न १९४३ साली सांता फे येथे एडविन लँड यांना त्यांच्या लहानग्या मुलीने विचारला आणि त्यातून तत्काळ छायाचित्रणाची कल्पना उदय पावली, ही हकीगत पुष्कळांच्या ऐकण्यात असेल. परंतु लँड यांनी १९३७ साली स्थापिलेल्या पोलरॉइड कंपनीचा त्यांच्या निवृत्तीनंतरचा वीस वर्षांचा वृत्तान्त आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा असूनही फारसा सांगितला जात नाही. म्हणून या आठवड्यात तोच विचारास घेतला आहे.

लँड यांची प्रतिभा कोणत्या जातीची होती हे ध्यानात यावयास १९७२ सालच्या ‘एसएक्स-७०’ कॅमेऱ्यातून निघालेले एखादे छायाचित्र हातात घेऊन पाहावे. त्याची खालची पांढरी कड इतर तिन्ही कडांहून रुंद असते, कारण तिच्या पोटात क्षारयुक्त रसायनाची एक चपटी पुडी दडविलेली असते. चित्र बाहेर पडताना दोन रुळांमध्ये दाबले जाऊन ती पुडी फुटते, आतला लेप चित्राच्या थरांमध्ये सर्वत्र सारखा पसरतो, आणि त्या लेपातील रंजकद्रव्ये क्षाराचा जोर असेपर्यंत बाहेरचा उजेड अडवून धरतात व तो जोर ओसरताच स्वतः वर्णहीन होऊन खालचे चित्र प्रकट होऊ देतात. छायाचित्रकाराची अंधारी खोली अशा रीतीने त्या पातळ चौकोनातच सामावली गेली. यासाठी नवी रसायने, घडी होऊन खिशात मावणारा कॅमेरा, फिल्मच्या पाकिटातच बसविलेली बॅटरी, आणि कोडॅकवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून न्यू बेडफर्ड येथे रंगीत निगेटिव्हचा स्वतंत्र कारखाना, हे सारे एकदम उभारण्याचे साहस बाजाराची पाहणी करून कोणी केले नसते. ते एका पुरुषाच्या निश्चयाने झाले, आणि त्या निश्चयास हरकत घेऊन ती तडीस नेईल असा अधिकारी कंपनीच्या दफ्तरात दुसरा नव्हता.

याच अनिर्बंध मुखत्यारीची दुसरी बाजू १९७७ साली दिसून आली. काढल्याबरोबर पाहता येणारे चलचित्र देणारी ‘पोलाव्हिजन’ ही योजना रसायनशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण होती. परंतु तिची फिल्म तीन मिनिटांहूनही कमी चाले, तिला आवाज नव्हता, एकदा वापरलेली फिल्म पुन्हा उपयोगी पडत नसे, आणि नेमक्या त्याच काळात ध्वनीसह चित्र साठविणारी व पुनःपुन्हा वापरता येणारी व्हिडिओ टेप घराघरांत शिरू लागली होती. १९७९ साली या योजनेपायी कंपनीस सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरची रक्कम बुडीत खाती टाकावी लागली. पुढच्याच वर्षी मुख्य कार्याधिकाऱ्याचे पद १९३९ पासून लँड यांच्या हाताखाली वाढलेल्या विल्यम मॅक्यून यांच्याकडे गेले, आणि १९८२ साली लँड यांनी अध्यक्षपदही सोडले.

उतरती कळा लगेच लागली नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कोडॅकविरुद्ध १९७६ साली गुदरलेल्या एकस्वभंगाच्या फिर्यादीत पोलरॉइडची सरशी होऊन १९८६ साली कोडॅकला तत्काळ छायाचित्रणाचा धंदा बंद करावा लागला, आणि १९९१ साली भरपाईदाखल ९२ कोटी ५० लाख डॉलर पोलरॉइडच्या पदरात पडले. लँड निवर्तले त्याच १९९१ साली, ही भरपाई धरून, कंपनीचे उत्पन्न सुमारे ३०० कोटी डॉलरवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर होते. तेव्हा केवळ जमाखर्चाच्या वह्या चाळणाऱ्यास संस्थापकाची उणीव कोठेच आढळली नसती.

ती उणीव होती ती निर्णयाच्या जागी. पोलरॉइडचा खरा नफा कॅमेऱ्यात नसून फिल्ममध्ये होता: कॅमेरा अल्प नफ्यावर विकावा आणि गिऱ्हाइकाने आयुष्यभर फिल्म घेत राहावी, हा तिच्या व्यवहाराचा पाया. इलेक्ट्रॉनिक प्रतिमांचे संशोधन तिच्या प्रयोगशाळांत १९८० च्या दशकातच जोमाने चालू होते, त्यावर पैसा खर्च होत होता, त्या विषयातले जाणते लोक पदरी होते. परंतु ज्या कॅमेऱ्यास फिल्मच लागत नाही तो विकून कंपनीने जगावे कशावर, या प्रश्नाचे उत्तर वरिष्ठांपैकी कोणाजवळ नव्हते, आणि लोकांना कागदावरचे चित्रच हवे असते या जुन्या श्रद्धेच्या आश्रयाने तो प्रश्न पुढे पुढे ढकलला गेला. तिचा डिजिटल कॅमेरा बाजारात यावयास १९९६ साल उजाडले. तोवर जपानी कंपन्या पुढे निघून गेल्या होत्या.

लँड असते तर हे घडले नसते, असे त्यांचे चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. पोलाव्हिजनच्या वेळी रसायनावरील निष्ठेपायी त्यांनीच टेपचे सामर्थ्य ओळखले नव्हते. पण आजच्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची आज्ञा देऊन ती अंमलात आणण्याची धमक मात्र त्यांच्यातच होती, आणि या दुहेरी वस्तुस्थितीतच त्यांच्या वारसदारांची अडचण होती: धन्याच्या शब्दावर चालण्याची सवय अंगी मुरलेल्या मंडळींना, त्याच्या माघारी एकत्र बसून, वाद घालून, प्रसंगी धंद्याच्या मुळालाच हात घालण्याची मसलत करावयाची होती, आणि तशी मसलत जेथे व्हावी अशी जागा लँड यांनी आपल्या चार दशकांहून अधिक काळच्या कारभारात घडविलीच नव्हती. त्यांच्यावर माझी मोठी भक्ती आहे, तरी हा दोष त्यांच्या पदरी टाकल्यावाचून गत्यंतर नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००८ साली फिल्मचे उत्पादनही थांबविण्याचे ठरले. नेदरलँड्समधील एन्सखेडे येथील कारखान्याची यंत्रे भंगारात जाऊ नयेत म्हणून काही जुन्या कामगारांनी व उत्साही मंडळींनी ती ताब्यात घेतली, परंतु मूळची रसायने पुरविणारे राहिले नसल्याने त्यांना जवळजवळ सारी फिल्म नव्याने शोधून काढावी लागली. आज पोलरॉइड या नावाने विकली जाते ती ही फिल्म.

लँड यांना आदर्श मानणारे स्टीव्ह जॉब्स यांनी ऑगस्ट २०११ मध्ये ॲपलचा कारभार टिम कुक यांच्या हाती सोपविला आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. त्या सत्तांतराची तपासणी पुढील लेखांकात करू.