लिनक्सच्या संगणकास ग्राफिक्स कार्ड कोणतें घ्यावें?

घरांत एखादी वस्तु आणावयाची म्हटली, कीं आपल्या कुटुंबांतून प्रथम तिच्या किंमतीची चर्चा होते, मग तिच्या उपयोगाची, आणि ती घरीं येऊन बसल्यावर तिच्या स्वभावाची. ज्या घरीं संगणकावर लिनक्स चालतें, किंवा तें चालविण्याचा विचार आहे, त्या घरीं ग्राफिक्स कार्ड घेतांना हा क्रम उलटा करावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. स्वभाव आधीं पाहावा, उपयोग त्यानंतर, व किंमत सर्वांत शेवटीं. म्हणजे कार्ड खरोखर स्वस्त पडतें.

हा विषय आज पुष्कळ घरांतून निघाला आहे, त्याचें कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची सर्वसाधारण डागडुजी थांबविली. तिच्या जागीं आलेल्या विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो, आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-सोयही लागते. परिणाम असा झाला कीं, कालपर्यंत बिनतक्रार काम करणारीं हजारों धडधाकट यंत्रें एका दिवसांत वृद्ध ठरलीं. अशा यंत्रास मोडींत काढावें, कीं त्यावर लिनक्स घालून त्यास आणखी आठ-दहा वर्षें राबवावें, हा आतां केवळ हौशी मुलांचा प्रश्न राहिला नसून घरखर्चाचा प्रश्न झाला आहे. लिनक्स घालण्याचें ठरलें, कीं त्यापाठोपाठ कार्डाचा प्रश्न येतोच.

लिनक्स म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. तेव्हांपासून जगभरच्या लोकांनीं त्यांत भर घातली आहे. तो गांवच्या सामाईक रानासारखा आहे: वापर सर्वांचा, राखण सर्वांची, आणि कुंपण घालण्याचा अधिकार कोणासच नाहीं. चिरनेरच्या माणसास ही उपमा फोडून सांगावी लागत नाहीं. २५ सप्टेंबर १९३० रोजीं याच गांवच्या लोकांनीं रानावरील हक्कासाठीं गोळ्या झेललेल्या आहेत. असो.

आतां कार्डाच्या स्वभावाकडे वळूं. सांख्यांनीं प्रकृति आणि पुरुष यांचें नातें समजावण्यासाठीं अंधपंगुन्यायाचा आश्रय केला, हें संस्कृतज्ञ वाचकांस विदितच आहे. आंधळा बलवान् असतो, पण त्यास वाट दिसत नाहीं. पांगळ्यास वाट दिसते, पण चालतां येत नाहीं. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला म्हणजेच दोघांचा प्रवास होतो. ग्राफिक्स कार्ड हा तो आंधळा होय, आणि त्यास वाट दाखविणारी आज्ञावली, जिला सर्वजण ड्रायव्हर म्हणतात, ती पांगळ्याच्या जागीं. विंडोजमध्यें हा ड्रायव्हर कार्डाची कंपनीच पुरविते, म्हणून तेथें त्याचा विचार कोणी करीत नाहीं. लिनक्समध्यें मात्र तो कोठून येतो, यावर सारें सुखदुःख अवलंबून आहे. तो लिनक्सच्या गाभ्यांतच असेल, तर कार्ड बसवून बटण दाबलें कीं काम झालें, आणि गाभा सुधारेल तसतसा तोही आपोआप सुधारतो. तो बाहेरून आणून बसवावा लागत असेल, तर गाभ्याच्या प्रत्येक बदलाबरोबर त्याचें लग्न नव्यानें लावावें लागतें, आणि एखाद्या सकाळीं पडदा काळाच राहतो.

या दृष्टीनें बाजारांतील तिन्ही कंपन्या सारख्या नाहींत. इंटेलनें आपले ड्रायव्हर फार पूर्वीपासून उघडे ठेवले. एएमडी कंपनीनें २००६ त एटीआय ही कार्डांची कंपनी विकत घेतली आणि पुढल्याच वर्षीं कार्डांचीं तांत्रिक कागदपत्रें खुलीं करण्याचें धोरण जाहीर केलें. २०१५ पासून तिचा 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. एनव्हिडियानें मात्र दीर्घकाळ आपलें गुपित मुठींत ठेवलें. २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत टॉर्वाल्ड्स यांनीं या कंपनीस जाहीरपणें दूषण दिलें. तें ज्या शब्दांत आणि ज्या हस्तमुद्रेसह दिलें, तें कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. तेव्हांपासून स्थिति बरीच पालटली आहे. मे २०२२ मध्यें एनव्हिडियानें ट्युरिंग पिढी व तिच्यापुढील कार्डांसाठीं ड्रायव्हरचा गाभ्याशीं जोडला जाणारा भाग खुला केला; त्यावरचा मोठा भाग अद्याप बंदच आहे.

एनव्हिडिया लिनक्सवर चालतच नाहीं, असा समज मात्र करून घेऊं नये. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंतील 'परम सिद्धि-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादींत ६३ वा आला, तो एनव्हिडियाच्या ए१०० जातीच्या चिपांवर आणि लिनक्सवरच. परंतु तेथें यंत्राच्या दिमतीस जाणते लोक सदैव असतात. आपल्या घरीं ती जबाबदारी बहुधा बारावीच्या अभ्यासांत गुंतलेल्या मुलावर येते.

खरी अडचण जुन्या व स्वस्त कार्डांची आहे, आणि काटकसरी मनुष्य नेमका तिथेंच फसतो. दुकानांत सर्वांत कमी किंमतीचें म्हणून जीटी ७१० हें कार्ड आजही पुढें केलें जातें. तें केवळ १९ वॅट वीज खातें, आवाज करीत नाहीं, आणि दिसावयास गोजिरवाणें आहे. पण तें केप्लर पिढीचें. त्या पिढीस सांभाळणारी ४७० क्रमांकाची ड्रायव्हर-शाखा कंपनीनें २०२४ त बंद केली. त्याहून थोडें महाग जीटी १०३० हें पास्कल पिढीचें. त्या पिढीस सांभाळणारी ५८० ही शाखा शेवटची, असें २०२५ त जाहीर झालें. अशा कार्डांसाठीं स्वयंसेवकांनीं लिहिलेला 'नूव्हो' नांवाचा खुला ड्रायव्हर आहे. त्यानें चित्र उमटतें. तथापि जीटी १०३० च्या पिढीस तर तो पूर्ण वेगानें धांवावयास लावूंच शकत नाहीं, कारण त्या वेगाची किल्ली कंपनीच्या स्वाक्षरीनें बंद आहे. म्हणजे कार्ड शाबूत, यंत्र शाबूत, आणि वाट दाखविणाराच निवृत्त! अशी वस्तु कितीही स्वस्त मिळो, ती महागच होय.

परंतु त्याहीपूर्वीं विचारण्याचा एक प्रश्न आहे, आणि दुकानदार तो आपण होऊन विचारील अशी अपेक्षा करूं नये: मुळांत कार्ड हवें आहे काय? इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोय अंगभूतच असते. नांवाच्या शेवटीं 'एफ' अक्षर असेल तरच ती नसते. एएमडीच्या ज्या प्रोसेसरांच्या शेवटीं 'जी' असतो, उदाहरणार्थ रायझेन ५६००जी, त्यांतही ती उत्तम असते. लिखाण, हिशेब, पत्रव्यवहार, व्याख्यानें व कीर्तनें ऐकणें-पाहणें, परदेशीं असलेल्या मुलांशीं समोरासमोर बोलणें, या कोणत्याही कामास वेगळें कार्ड लागत नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत गेल्या दिवाळीनंतर हा प्रश्न दोन यंत्रांच्या बाबतींत उपस्थित झाला आणि त्याचीं उत्तरें अगदीं निराळीं आलीं. थोरले बंधु, ज्यांस सर्वजण दादा म्हणतात, ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करीत आहेत. त्यांचें यंत्र इंटेलच्या सहाव्या पिढीचें, म्हणजे विंडोज ११ च्या पंक्तींत न बसणारें. "नवें यंत्र घेण्यापेक्षां एखादें कार्ड घाला, म्हणजे जुनेंच वेगानें चालेल," असा सल्ला त्यांना एका ओळखीच्या दुकानदारानें दिला होता, आणि त्यासाठीं वहिनींनीं भिशीचे पैसे काढूनही ठेवले होते. कार्डानें यंत्राचें सर्वच काम वेगवान होतें, ही समजूत चुकीची आहे. कार्ड फक्त चित्राचें आणि कांहीं विशेष गणिताचें ओझें उचलतें. दादांच्या यंत्राची मंदगति त्याच्या जुन्या चक्राकार डिस्कमुळें होती. तिच्या जागीं एसएसडी बसविली, लिनक्स घातलें, आणि कार्ड घेतलेंच नाहीं. सात पिढ्यांची वंशावळ आतां क्षणांत उघडते.

धाकट्या भावाची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. तिचें म्हणणें वेगळें होतें. "काका, तुम्ही म्हणतां तें एएमडी चांगलें, पण आम्हांला जें शिकवतात तें कुडावर चालतं," असें तिनें स्पष्ट सांगितलें. कुडा ही एनव्हिडियानें २००७ त प्रचारांत आणलेली गणनपद्धति. यंत्र-शिक्षणाचीं बहुतेक साधनें प्रथम तिच्यासाठीं लिहिलीं जातात. एएमडीची 'आरओसीएम' ही तशीच सोय आहे, पण तिच्या अधिकृत पाठिंब्याची यादी आंखूड असून स्वस्त कार्डें तींत सहसा येत नाहींत. मुलीचा मुद्दा बिनतोड होता. तिच्यासाठीं आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी स्मृतीचा प्रकार घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेलें हें कार्ड ७० वॅटांत भागतें, म्हणून जुना एसएमपीएस बदलावा लागला नाहीं. ड्रायव्हरची निगा राखणें हें तिचें काम, असें ठरलें. भिशीचे पैसे शेवटीं तिच्याच कामीं आले. वहिनींनीं ते आपण होऊन दिले. आमच्या पिढींत असे पैसे मुलांच्या फीस निघत, मुलींच्या नव्हे, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

वरील ७० वॅटांचें महत्त्व ध्यानांत घ्यावें. मदरबोर्डवरील ज्या खांचेंत कार्ड बसतें, ती ७५ वॅटांपर्यंत वीज देऊं शकते. त्याहून अधिक लागलें, कीं एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते, आणि स्वस्त एसएमपीएसवर लिहिलेला आंकडा नेहमींच विश्वासार्ह नसतो. खेड्यांतील विजेचा लपंडाव ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांनीं तर या बाबतींत हात आंखडता घेऊं नये.

खेळ, चित्रकाम किंवा ब्लेंडरसारख्या साधनांनीं त्रिमिति चित्रें करणें, हा हेतु असेल आणि कुडाची अट नसेल, तर एएमडीचें आरएक्स ६६०० हें माझ्या मतें अद्याप सर्वांत समंजस कार्ड आहे. ८ जीबी स्मृति, १३२ वॅट, आणि ड्रायव्हर गाभ्यांतच. त्यास मात्र आठ पिनांची वायर व ४५० वॅटांचा चांगला एसएमपीएस हवा. त्याचें धाकटें भावंड आरएक्स ६४०० हें ५३ वॅटांत भागतें, वेगळी वायर मागत नाहीं, आणि कचेऱ्यांतून निघालेल्या अरुंद यंत्रांत बसेल अशा बुटक्या बांध्यांतही मिळतें. पण त्यास व्हिडिओ सांकेतिक रूपांत बांधण्याची सोयच नाहीं, आणि जोडणीच्या चारच वाटा असल्यामुळें जुन्या मदरबोर्डावर तें आणखी मंदावतें. नुसता दुसरा पडदा जोडावयाचा असेल तर हें उणेपण जाणवत नाहीं, खेळणारास जाणवेल. इंटेलचें आर्क ए३८० व्हिडिओच्या कामांत या दोहोंसही मागें टाकतें. तथापि त्यास 'रिसायझेबल बार' ही सोय असलेला मदरबोर्ड हवा, आणि ती सहा-सात वर्षांपूर्वींच्या यंत्रांत बहुधा नसते. म्हणून जुन्या यंत्रासाठीं तें सुचवीत नाहीं.

अगदीं ताजें कार्डही लिनक्सच्या घरीं टाळावें. बाजारांत आलेल्या कार्डाचा ड्रायव्हर गाभ्यांत मुरण्यास कांहीं महिने लागतात, आणि डेबियन किंवा मिंट यांसारख्या स्थिर वाणांत तो पोंचण्यास त्याहून अधिक. दोन-तीन वर्षें मुरलेलें कार्ड लोणच्याप्रमाणें अधिक गुणकारी. आणखी एक बारीक गोष्ट: घरचा मॉनिटर निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरीचा असेल, तर नव्या कार्डांवर ती खांच नसते; रूपांतरक घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च आधींच धरावा.

खरेदीस आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलों. ज्या रस्त्याचें खरें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, त्यास अजूनही कोणी त्या नांवानें ओळखीत नाहीं! १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत रेल्वे आल्यामुळें आमच्या भागांतील माणसास हा प्रवास आतां सोपा झाला आहे. तेथें वापरलेलीं कार्डें पुष्कळ दिसतात. त्यांतील कित्येक आभासी चलन उत्खननाच्या कारखान्यांतलीं असूं शकतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियम या चलनाची उत्खननपद्धति बंद झाली आणि हीं कार्डें ढिगानें बाजारांत आलीं. रात्रंदिवस तापलेल्या अशा कार्डांची स्मृति व पंखे आधीं थकतात. किंमत निम्मी असली, तरी पक्कें बिल आणि उरलेल्या हमीचा कागद नसेल तर घेऊं नये.

जातांना पेन-ड्राइव्हवर लिनक्सचें वाण उतरवून न्यावें. तें यंत्रांत कांहीं न बसवितां सरळ पेन-ड्राइव्हवरून चालतें. दुकानदारास कार्ड यंत्रांत लावून त्यावर तें सुरू करण्याची विनंती करावी. भला दुकानदार नाहीं म्हणत नाहीं. पडदा नीट उजळतो काय, मॉनिटरचें पूर्ण परिमाण मिळतें काय, एखादी चित्रफीत दहा मिनिटें न अडखळतां चालते काय, पंखा करकरतो काय, एवढें तेथेंच पाहावें. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली, कीं कार्डाचें खरें नांव पडद्यावर येतें. तें खोक्यावरील नांवाशीं ताडून पाहावें, आणि मगच पैसे द्यावे.