शांतता घरापासून

पहाटे शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो आणि भिंतीपलीकडे निजलेले तान्हे मूल दचकून जागे होते. ध्वनिप्रदूषण म्हणजे केवळ भोंग्यांचा व फटाक्यांचा गोंगाट नव्हे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५, तर रात्री ४५ डेसिबल आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे तीव्रता दहापट! म्हणूनच उपकरण घेताना किमतीबरोबर त्याच्या आवाजाचीही चौकशी करावी. मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा ठेवल्यास कंपने ओट्यात कमी उतरतात. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. हवा शिरते तेथून आवाजही शिरतो. नवे घर घेताना शयनगृहाची भिंत लिफ्टला लागून नाही ना, हे पाहावे. शेजाऱ्याची झोप ही आपल्याकडे असलेली ठेवच आहे. ती जपू या.