परळ-शिवडीच्या रस्त्यात सापडलेला दीड हजार वर्षांपूर्वीचा शिव

मुंबईचा इतिहास म्हटलं की गिरण्या, गोदी आणि इंग्रजांचा किल्ला आठवतो. पण 1931 साली परळ आणि शिवडीदरम्यान रस्त्याचं काम सुरू असताना एक प्रचंड कोरीव दगड मिळाला आणि या भागाचा इतिहास कितीतरी मागे गेला. आज तो परळच्या बारादेवी मंदिरात आहे.

दगडावर काय कोरलंय?

एकाच पांढरट दगडातून घडवलेलं हे शिल्प साडेअकरा फुटांच्या आसपास उंच आहे. मध्यभागी शिवाच्या तीन आकृती आहेत, एकीच्या वर एक. खालची उभी आहे, वरच्या दोन जणू तिच्यातूनच उगवतात. दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन, म्हणजे एकूण सात शिव. पायाशी शिवाचे गण आहेत, काहींच्या हातात वाद्यं आहेत.

ते इतकं महत्त्वाचं का?

घडणीच्या शैलीवरून अभ्यासक हे शिल्प पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात. शिवडीच्या किनाऱ्यापलीकडच्या घारापुरीची आणि उपनगरातल्या जोगेश्वरीची लेणीही साधारण सहाव्या शतकातलीच. म्हणजे मुंबई सात बेटांची होती, तेव्हाही इथे शैव परंपरा होती आणि त्यासाठी उत्तम शिल्पकार काम करत होते.

घारापुरी 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे पर्यटकांची रीघ लागते. परळच्या शिल्पाबद्दल मात्र अनेक मुंबईकरांना माहिती नसते. त्याची प्लास्टरची प्रतिकृती फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ दगड मात्र परळमध्येच राहिला, भाविकांच्या पूजेत.

'संरक्षित' म्हणजे नेमकं काय?

हे शिल्प केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. देखभालीची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची. 1958 च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

2010 च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येतं. 100 मीटरच्या आतल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगीनेच.

मग अडचण कुठे येते?

हा नियम मोकळ्या माळावरच्या किल्ल्याला सहज लागू होतो. परळसारख्या दाट वस्तीत 100 मीटर म्हणजे कित्येक चाळी आणि त्यात पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबं. नवीन बांधकामच करता येत नसेल, तर मोडकळीला आलेल्या इमारतीचा पुनर्विकास अडतो. नियम शिथिल केला, तर खोल पाया खणण्याचे हादरे आणि उंच टॉवरचा विळखा थेट स्मारकापाशी येतो.

दगड संग्रहालयात हलवला, तर त्याची पूजा थांबेल आणि जिथल्या मातीत तो सापडला त्या जागेशी असलेलं नातंही तुटेल. म्हणूनच इथे वारसा जपायचा तर शिल्पाच्या सुरक्षेइतकाच शेजारच्या चाळींचा प्रश्नही सोडवावा लागेल. आपलं घर ज्या दगडामुळे अडलं असं रहिवाशांना वाटतं, त्या दगडाची राखण ते आपुलकीने कशी करणार?

पुढच्या वेळी परळला गेलात, तर बारादेवी मंदिरात जरूर डोकावा.