फ्रिस्बीच्या मैदानावर बुद्धिबळाची चाल

अल्टिमेट फ्रिस्बी हा तबकडीचा सांघिक खेळ 1968 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झाला. मैदान 100 मीटर लांब, प्रत्येक संघात 7 खेळाडू. हाती तबकडी असलेल्याला पळता येत नाही. 10 सेकंदांत ती फेकावी लागते. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात सहकाऱ्याने झेल घेतला की गुण.

इथे बुद्धिबळ कामी येते. पहिला धडा मोकळ्या जागेचा. हत्तीची ताकद मोकळ्या पट्टीवर दिसते. म्हणून चढाई करणारे मधोमध एका रांगेत उभे राहतात आणि दोन्ही बाजू धावण्यासाठी रिकाम्या ठेवतात. दुसरा धडा दुहेरी धमकीचा. खेळाडू लांब पळायची हूल देतो. बचाव करणारा मागे सरला की तोच खेळाडू झटकन वळून तबकडीकडे येतो. बचाव करणाऱ्याने एक वाट रोखली की दुसरी उघडी पडते.

मैदानावर असा विचार करणे धाराशिव जिल्ह्याला नवे नाही. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची. खो-खोतही पाठलाग करणाऱ्याला घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही. खो कुणाला द्यायचा, हे आधीच हेरावे लागते.

म्हणूनच याच जिल्ह्यातल्या तामलवाडीच्या क्रीडाशिक्षकांनी फ्रिस्बीत बुद्धिबळाचे हे धडे वापरण्याचा प्रयोग जरूर करावा. सराव मध्येच थांबवून मुलांना विचारावे, "आता मोकळी जागा कुठे आहे?" उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. अल्टिमेट फ्रिस्बीत सहसा पंच नसतो, निर्णय खेळाडूच घेतात. त्यामुळे विचार करायची सवय सरावातच लागायला हवी.