आपला मानूस कथा गया?

सकाळी आठला तीनेक मिनिटं कमी असताना सैगल गायला लागायचा. रेडिओ सिलोनवर साडेसातला जुन्या चित्रपटांतली गाणी लागत आणि शेवटचं गाणं सैगलचंच, हा शिरस्ता. शिंदखेड्यात आमच्या घरचं घड्याळ त्या गाण्यावर चालायचं. सैगल सुरू झाला की आप्पा बशीतला चहा संपवून सायकल काढत.

1956 पासून कोलंबोहून बोलणारे गोपाल शर्मा 1967 मध्ये सिलोन सोडून गेले आणि मनोहर महाजन आले. मोठी माय चुलीपुढूनच ओरडली, ‘हाऊ कोन उना? आपला मानूस कथा गया?’ हिंदी तिला जेमतेम समजे. पण रोजच्या आवाजातला बदल पहिल्याच वाक्याला कळला. बुधवारी रात्री येणारे अमीन सयानी तिला पाहुणे वाटत, आणि त्यांचं बोलणं खरंच मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जायचं. शर्मा मात्र घरातले.

नवा माणूस भरभर बोलतो, अर्धं कळतच नाही, अशी तिची तक्रार. मला वाटतं, दोष शॉर्टवेव्हचा होता. कोलंबोहून निघालेल्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून आपल्यापर्यंत येतात. तो थर स्थिर नसतो, म्हणून आवाज भरतो, ओसरतो. आढ्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली तांब्याच्या जाळीची एरियल तरी किती पकडणार? बुडालेले शब्द कान सवयीनं भरून घेतो. शर्मांचे भरता येत, महाजनांचे अजून येत नव्हते. खरं तर शर्मांच्या बोलण्यात ओसरीवर टेकलेल्या माणसाचा निवांतपणा होता आणि महाजन शब्द तोलून टाकत. घाई कोणालाच नव्हती.

महाजनांची वेळही अवघड. 1952 मध्ये माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणानं आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली, तेव्हा सगळा देश सिलोनकडे वळला होता. पण 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली, आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई-पुणे-नागपुरात तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या. सिलोनचं पोट भरायचं ते जाहिरातींवरच. म्हणजे गादी मिळाली त्याच वर्षी ती हलू लागली. आम्हाला शिंदखेड्यात याची काय कल्पना! आम्ही सुई सरकवत बसायचो आणि खरखरीचं खापरही नव्या माणसावर फोडायचो.

सैगलची वेळ तेवढी महाजनांनी हलवली नाही. आप्पांची सायकल वेळेवर निघत राहिली.

पावसाळ्यातली एक सकाळ आठवते. महाजन गाण्याची ओळख करून देत होते आणि मध्येच आवाज बुडाला. मी उठून सुईला हात घालणार, तोच मोठ्या मायनं भाकरी थापता थापता राहिलेलं वाक्य पुरं केलं: हेल अहिराणी, पण थांबे सगळे महाजनांचे.