नव्या गाडीच्या रंगाचे टवके आणि हमीचा वाद

कापडाचा व्यापारी तागा उलगडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. गाठीत दागी माल निघाला तर तो त्याच दिवशी कळवतो, कारण महिन्यानंतर केलेली तक्रार बाजारात कोणी ऐकत नाही. हाच व्यापारी पाच-सहा लाखांचा टेम्पो घ्यायला जातो तेव्हा मात्र हार घातलेल्या गाडीजवळ उभा राहून फोटो काढतो, पेढे वाटतो आणि पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर न वाचता सही करतो. चार महिन्यांनी रंगाचे टवके उडू लागले की डीलरकडे खेटे सुरू होतात आणि हातात एकही कागद नसतो.

आमचे अनेक बांधव सुतारकाम, वेल्डिंग, फळांचा धंदा, कापडाची फेरी अशा कामांसाठी हप्त्याने गाडी घेतात. त्यांना रंगाची तक्रार किरकोळ वाटते. पण रंग केवळ शोभेसाठी नसतो. तो पत्र्याचे कवच आहे. कवच फुटले की पावसाळ्यात गंज धरतो आणि विकायला काढलेल्या गाडीची किंमत पडते. म्हणून हमी नेमकी कशाची असते, वाद कुठे अडतो आणि आपला हक्क कसा राखावा, हे येथे क्रमाने मांडत आहोत.

टवका आणि पोपडा यांतील फरक

कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा थर चढवतात. नंतर संपूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर बसवतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक थर येतो. काही साध्या रंगांना हा शेवटचा थर नसतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरते. एवढ्या पातळ थरावर ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी वेगाने आदळली तर टवका उडणारच. हा कारखान्याचा दोष नाही आणि बहुतेक सर्व कंपन्यांच्या हमीपुस्तिकेत खडीचा मार हमीबाहेर ठेवलेला असतो.

पोपडा निघणे ही वेगळी गोष्ट आहे. खालचा पत्रा किंवा प्रायमर नीट स्वच्छ केलेला नसेल, त्यावर तेल वा ओल राहिली असेल, किंवा भट्टीत रंग पुरेसा पक्का झाला नसेल, तर वरचा थर खालच्या थराला धरत नाही. मग तो चकत्यांसारखा सुटतो किंवा त्याला फोड येतात. ही बनावटीतील चूक असून हमीत बसण्यासारखी आहे.

दोन्ही ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. खडीचा टवका लहान असतो, त्याच्या मधोमध मार लागल्याची खूण दिसते आणि तो गाडीच्या तोंडावर, बॉनेटवर, समोरच्या काचेच्या कडेला किंवा चाकामागच्या भागावर आढळतो. पोपडा मोठा असतो, त्याची कड नखाने उचलता येते आणि खालचा थर गुळगुळीत दिसतो. छप्पर, दाराचा वरचा भाग, पाठीमागची बाजू अशा खडी पोहोचत नाही त्या ठिकाणी रंग सुटला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

आमच्या दुकानाच्या टेम्पोच्या केबिनचा रंग चौथ्या महिन्यात छपरावर सुटू लागला, तेव्हा वर्कशॉपमधून "खडी लागली" हेच उत्तर आले. आम्ही लेखी विचारले की छपरावर खडी कोणत्या दिशेने आली ते जॉब कार्डावर नमूद करावे. ते कोणी नमूद केले नाही. पंधरवड्यात कंपनीचा माणूस पाहणीला आला आणि छपराचा पूर्ण भाग खर्चाशिवाय रंगवून मिळाला. त्याच गाडीच्या तोंडावर तीन-चार टवके होते, ते मात्र हमीत बसत नाहीत असे त्याने सांगितले. ते बरोबरच होते आणि आम्ही मान्य केले. खऱ्या तक्रारीत खोटी मिसळली की खरीही बुडते.

कारखान्याचा रंग की वाटेतला

गाडी कारखान्यातून डीलरपर्यंत ट्रेलरवर येते. वाटेत ओरखडा पडतो, पोच येतो. कधीकधी तो भाग गुपचूप रंगवून गाडी नवी म्हणून दिली जाते. असा रंग कारखान्याच्या भट्टीत पक्का झालेला नसतो आणि लवकर सुटतो. त्याच्या खुणा अशा : दाराच्या रबरावर किंवा काचेच्या कडेवर रंगाचे बारीक शिंतोडे, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याचे ओरखडे, शेजारच्या दोन भागांच्या छटेत फरक. रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र असते. एका दारावर ते १२० मायक्रॉन दाखवते आणि दुसऱ्यावर ३००, तर दुसरे दार पुन्हा रंगवलेले आहे असे समजावे. चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे किंवा जुन्या गाड्यांच्या दलालाकडे हे यंत्र मिळते.

येथे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येतो. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ साली नव्या गाडीचे पैसे भरून २००९ सालची, चाललेली आणि ओरखडे पडलेली गाडी देण्यात आली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डीलरच्या अशा कृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. डीलरविरुद्धचे निष्कर्ष मात्र न्यायालयाने योग्य ठरवले. तात्पर्य असे की तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांची नावे घालावीत आणि कोणाची चूक काय, हे वेगवेगळे लिहावे.

मालगाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळदा कंपनी केवळ चासी आणि केबिन देते. मागचा हौदा आणि फाळका स्थानिक बॉडी बांधणारा कारखानदार बनवतो. त्या भागाच्या रंगाला कंपनीची हमी लागू होत नाही. म्हणून बॉडीवाल्याकडून वेगळे बिल आणि त्यावर रंगाची व जोडांची मुदत लिहून घ्यावी. तोंडी "काळजी करू नका" याला काही किंमत नाही.

पैसे देण्यापूर्वी

गाडी नोंदणीला जाण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात पाहावी. एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की गाडी नाकारणे फार अवघड होते. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळायला हवी. मात्र माल घेऊन वाजवी मुदत उलटली आणि तो नाकारल्याचे कळवले नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. हा आपल्या बाजारातलाच नियम आहे, तो गाडीलाही लागू आहे.

गाडी पाहताना चासी क्रमांक आणि निर्मितीचा महिना लिहून घ्यावा आणि सर्व बाजूंचे फोटो काढावेत. काही ऐब दिसला तर डिलिव्हरीच्या पावतीवरच तो लिहून सही करावी. हमीपुस्तिका मागून घ्यावी आणि रंग व गंज यांसाठीची मुदत वेगळी पाहावी, कारण ती इंजिनाच्या मुदतीपेक्षा कमी असू शकते. पैसे भरून वाढवलेली हमी बहुधा यंत्रभागांपुरती असते. तीत रंग येतो असे गृहीत धरू नये.

तक्रार कशी करावी

रंग सुटलेला दिसताच फोटो काढावेत आणि शेजारी फूटपट्टी ठेवावी. त्याच आठवड्यात गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यावी आणि जॉब कार्डावर "अमुक भागाचा रंग सुटत आहे" असे आपल्या शब्दांत लिहवून त्याची प्रत घ्यावी. "रंगाची तपासणी" एवढेच लिहिलेले जॉब कार्ड पुढे उपयोगी पडत नाही. दुरुस्ती हमी संपल्यावर झाली तरी तक्रारीची तारीख मुदतीतील असली पाहिजे.

बाहेरच्या पेंटरकडून आधी रंग मारून घेऊ नये. त्याने पुरावा नष्ट होतो आणि हमी नाकारायला आयते कारण मिळते. गंज वाढण्याची भीती असेल तर तात्पुरता उपाय कोणता करावा, हे वर्कशॉपलाच लेखी विचारावे.

हमी नाकारली तर नकार कारणासह लेखी मागावा. कारण हवेवर ढकलले, समुद्राच्या खाऱ्या हवेवर, पक्ष्यांच्या विष्ठेवर किंवा कारखान्यांच्या धुरावर, तर पुस्तिकेतील कलम दाखवायला सांगावे. रत्नागिरी, मुंबईसारख्या किनारपट्टीच्या गावी खारी हवा खरोखर गंज वाढवते. पण नव्या गाडीचा रंग तीन-चार महिन्यांत चकत्यांनी सुटणे याचे ते पुरेसे कारण नाही. शक्य असल्यास एखाद्या जाणकार पेंटरचे किंवा वाहन सर्वेक्षकाचे लेखी मत घ्यावे. नंतर डीलर आणि कंपनी दोघांना ई-मेलने व पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. अनेक प्रकरणे येथेच मिटतात.

गाडी परत घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतात. काम मनासारखे नसेल तर "तक्रार राखून गाडी ताब्यात घेतली" असे लिहूनच सही करावी.

ग्राहक आयोग आणि आपला धंदा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. डीलर दुसऱ्या शहरात असला तरी आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

पण व्यापाऱ्यांसाठी येथे एक अडथळा आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहक ठरत नाही. अपवाद त्याचा, ज्याने ती वस्तू स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या खटल्यात याचा खुलासा केला. स्वतः चालवण्यासाठी ट्रक किंवा रिक्षा घेणारा ग्राहक आहे आणि हाताखाली एक-दोन माणसे मदतीला घेतली तरी तो ग्राहकच राहतो. केवळ दुसऱ्याने चालवावी म्हणून गाडी घेणारा मात्र ग्राहक नाही. म्हणून जो कारागीर स्वतःचा टेम्पो स्वतः चालवतो, त्याने ही गोष्ट तक्रारीत स्पष्ट लिहावी आणि आपला चालक परवाना जोडावा. मोठ्या पेढीने चालक ठेवून गाड्या चालवल्या तर तिच्यासाठी दिवाणी न्यायालयाची वाट आहे. घरगुती वापराच्या स्कूटर-मोटारीला हा प्रश्न येत नाही.

मागणीही माफक असावी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती कंपनीच्या एका खटल्यात सांगितले की हमीत सदोष भाग बदलण्याचे वचन असेल तर त्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. रंगाच्या वादात संपूर्ण भाग योग्य रीतीने पुन्हा रंगवणे, त्या कामाची नवी लेखी मुदत, गाडी बंद राहिल्याची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागावा. यासाठी बुडालेल्या फेऱ्यांची नोंद वहीत तारखेनुसार ठेवावी. दिवसाला किती भाडे बुडाले याचा पुरावा नसेल तर आयोगालाही रक्कम ठरवणे अवघड जाते.

वाद चालू असताना रागाने कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. कर्ज देणारी बँक आणि गाडी विकणारा डीलर यांचे करार वेगळे असतात. रंग खराब आहे म्हणून हप्ता माफ होत नाही. उलट थकबाकी साचली तर गाडीच ओढून नेली जाण्याची पाळी येते. हप्ता वेळेवर भरावा, त्याची पावती त्याच फाइलमध्ये लावावी. बिल, हमीपुस्तिका, जॉब कार्ड, फोटो आणि पत्रव्यवहार एका जागी असलेल्या माणसाशी डीलर वेगळ्या सुरात बोलतो, हा बाजारातला रोजचा अनुभव आहे.